घ आणि ध गोंधळात टाकतात, प आणि ष टाकत नाहीत: आकारांचं साम्य डोळा कसं ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलीच्या मुलांसाठी अक्षरओळखीची कार्डं करताना तुम्ही सगळ्या अक्षरांची चित्रं एकमेकांवर ठेवली आणि कोणती जोडी किती टक्के जुळते ते संगणकाकडून काढलंत. संगणकाने प आणि ष जवळजवळ जुळे ठरवले. शिक्षिका मात्र सांगतात की मुलं अडखळतात ती घ-ध, भ-म आणि ३-६ यांच्यात. याउलट मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा दंडाचा ल यांना संगणकाने बरेच कमी गुण दिले, पण मोठ्या माणसांना दोन्ही सरळ ‘ल’च दिसतात. मग माणसं साम्य ठरवतात तरी कशावरून, आणि ते मोजायचं कसं?

मी देवनागरी टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे आकार, आखतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. तुमच्या संगणकाने चूक केलेली नाही. त्याला विचारलं तेच त्याने मोजलं: दोन आकारांत शाई कुठे कुठे सामाईक आहे. डोळा शाई मोजत नाही. रेषा कुठे जुळते, कुठे तुटते, कुठे आत वळते, किती पोकळ्या बंद होतात आणि हे सगळं कोणत्या दिशेला तोंड करून उभं आहे, हे तो बघतो. शिवाय बघणाऱ्याला पूर्वी काय शिकवलंय आणि या क्षणी काय विचारलंय, यानेही निकाल बदलतो.

आधी प आणि ष घेऊ. ‘पोटफोड्या ष’ हे नाव ज्याने कोणी पाडलं त्याने नेमकं निदान केलंय. प मध्ये शिरोरेषा, डावी रेघ, खालचं वळण आणि काना मिळून एक बंद पोकळी होते. ष मध्ये एक तिरकी रेघ त्या पोकळीचे दोन तुकडे करते. शाईच्या हिशेबाने ही भर किरकोळ, पण डोळ्याच्या हिशेबाने एका खोलीच्या दोन झाल्या. बंद की उघडं, एक पोकळी की दोन, हा फरक आपल्याला फार लवकर कळतो. दृष्टीचे अभ्यासक लिन चेन यांनी १९८२मध्ये दाखवलं की क्षणभरच चित्र दाखवलं तर भरीव गोल आणि भरीव चौकोन यांतला फरक ओळखणं लोकांना जड जातं, पण भरीव गोल आणि कडं यांतला फरक त्या मानाने सहज कळतो. भोक असणं-नसणं हे कोपऱ्यांच्या आधी नजरेत भरतं. त्याच्याही आधी, १९६२मध्ये, मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरांसारखे बनावट आकार देऊन जुळवायला सांगितलं होतं. रेषा तोडणं किंवा उघडं टोक जोडणं या बदलात चार वर्षांची मुलंही फारशी चुकत नव्हती. आकार फिरवला किंवा आरशासारखा उलटा केला की लहान मुलं खूप चुकायची, आणि आठ वर्षांपर्यंत त्या चुका बऱ्याच कमी व्हायच्या. कलतं धरलेल्या कागदावर दिसावा तसा आकार तिरपा केला तर मोठी मुलंही तो ‘तोच’ म्हणायची. ते रास्तच आहे, कारण वही तिरकी धरल्याने अक्षर बदलत नाही.

या निकषावर घ आणि ध वेगळे दिसायला हवेत, कारण ध ची शिरोरेषा तुटलेली असते. तरी ते गोंधळात टाकतात, आणि याचं कारण ती तूट कुठे आहे यात आहे. दोन्ही अक्षरं मोठी छापून जवळून बघा. दोन्हींचं अंग तेच: डावीकडे कंबरेत आत गेलेलं, खाली गोल फिरून कान्याला मिळणारं. सगळा फरक वरच्या डाव्या कोपऱ्यात कोंबलेला आहे. घ चं टोक अखंड शिरोरेषेला जाऊन भिडतं. ध ची शिरोरेषा अलीकडेच थांबते, अंगाच्या टोकाला घुंडी येते, आणि या दोहोंच्या मध्ये एक बारीक फट राहते. स्वस्त कागदावर शाई पसरली, अक्षराचा आकार लहान झाला किंवा जाड वळण वापरलं की पहिला बळी या फटीचा जातो. फट बुजली की उरतो तो घुंडीचा जरासा फुगवटा. भ आणि म चं दुखणं हेच आहे. आणि धर-घर, धार-घार, भार-मार, भात-मात अशा जोड्यांत दोन्ही शब्द खरे असल्यामुळे नवशिक्या वाचकाला शब्दाचा अर्थही आधार देत नाही.

अंग सारखं असलं की साम्य इतकं का वाटतं, याचं उत्तर खाचांमध्ये आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेड अ‍ॅटनीव यांनी १९५४मध्ये एक सुंदर गोष्ट मांडली: आकाराची माहिती त्याच्या कडेवर सगळीकडे सारखी पसरलेली नसते, कड जिथे जोरात वळते तिथे ती एकवटते. त्यांनी झोपलेल्या मांजराच्या चित्रातले असे मोजके वळणबिंदू घेतले, ते सरळ रेघांनी जोडले, आणि मांजर तरीही मांजरच दिसत राहिलं. पुढे १९८४मध्ये हॉफमन आणि रिचर्ड्स या संशोधकांनी सांगितलं की डोळा आकाराचे भाग पाडतो ते आत गेलेल्या खाचांपाशी. मान, कंबर, मनगट बघा; शरीराचे भागही आपण तिथेच मोडतो. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की कडेवर खाच नव्याने आली किंवा नाहीशी झाली तर तो बदल पटकन लक्षात येतो, तेवढाच बाहेरचा फुगवटा आला-गेला तर तितका येत नाही. आता घ-ध कडे परत बघा. दोन्हींची सगळ्यात खोल खाच, म्हणजे कंबर, एकाच जागी आहे. म्हणून डोळा दोन्हींचे तुकडे एकसारखे पाडतो. फट बुजल्यावर ध कडे वेगळेपणासाठी उरतो तो फुगवटा, आणि नेमका तोच डोळ्याच्या लेखी कमी मोलाचा.

त्यात शिरोरेषेची भर. शब्दातल्या सगळ्या अक्षरांवरून ती धावते, त्यामुळे सराईत वाचक तिला धरून चालतो. तिच्याकडे निरखून बघत नाही. शिवाय शब्दात शेजारची अक्षरं खेटून उभी असतात, आणि गर्दीत कोपऱ्यातला बारकावा आधी हरवतो. ष ची तिरकी रेघ पोटाच्या मधोमध, सुरक्षित जागी असते. एकटं अक्षर तपासून ‘व्यवस्थित वेगळं दिसतंय’ असं म्हणणारे आखणारे मला या कारणासाठी पटत नाहीत. अक्षर शब्दात घालून, लहान करून, हातभर लांबून बघितल्याशिवाय त्याचं साम्य कळत नाही.

जोड आणि तूट यांची ताकद किती, याचा आपल्या लिपीतला सगळ्यात चांगला नमुना ख आहे. जुन्या वळणात र आणि व एका शिरोरेषेखाली शेजारी उभे करत, म्हणून ‘खा’ आणि ‘रवा’ यांत फरक उरत नसे. आताच्या वळणात र चं शेपूट पुढे नेऊन व च्या तळाला जोडतात. एवढ्या एका सांध्याने दोन अक्षरांचं एक अक्षर होतं. जवळ असलेल्या आणि एकमेकांत वाहत जाणाऱ्या रेषांना आपण एक वस्तू समजतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३मध्ये ठिपक्या-रेघांची चित्रं काढून दाखवलं होतं. दोन आकार सारखे आहेत का, हे ठरवण्याआधी मुळात आकार किती आहेत हे डोळा ठरवून टाकतो, आणि पुढची सगळी तुलना त्यावर चालते. तुमच्या संगणकाने ही पहिली पायरीच गाळली आहे.

आता दोन ल. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानले आहेत. हिंदीत दंडाचा ल चालतो. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, फॉन्टने कोणतं रूप दाखवायचं एवढाच प्रश्न. आकार म्हणून ते भरपूर वेगळे आहेत: एक दोन पाकळ्यांचा, दुसऱ्याला उजवीकडे सरळ दंड. देवनागरी न वाचणाऱ्या माणसापुढे दोन ल, एक घ आणि एक ध टाका आणि जोड्या लावायला सांगा. घ-ध तो ताबडतोब एकत्र ठेवेल, पण दोन ल एकाच अक्षराची रूपं आहेत असं त्याला आपणहून सुचण्याचं कारण नाही. वाचणारा माणूस उलट करेल, आणि तो खोटं बोलत नसेल. वाचायला शिकताना डोळ्याला काही फरक मोठे करून बघायची आणि काही फरक सोडून द्यायची सवय लागते. तुमची मुलं या दोन टोकांच्या मध्ये आहेत. म्हणून मोठ्यांना विचारून काढलेलं साम्य मुलांच्या कार्डांना लावता येणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

३ आणि ६ ची गोष्ट निराळी आहे. दोघांचं पटत नाही त्याला आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३६ लिहिलं की दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. ही पाठमोरी जोडी म्हणजे जवळपास आरशातलं प्रतिबिंबच. आणि डावं-उजवं उलटलेलं चित्र ‘तेच’ मानणं हा डोळ्याचा दोष नव्हे, ती त्याची मूळची उपयोगी खोड आहे. बैल डावीकडून पाहिला काय नि उजवीकडून, बैल तो बैलच. शाळेत आल्यावर मुलाला ही खोड फक्त अक्षरं आणि अंकांपुरती मोडावी लागते. म्हणून पाच-सहा वर्षांचं मूल ३ उलटा काढतं तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. ते त्या वयाचं सामान्य वागणं आहे.

ही खोड मोडते ती लिपीमुळे, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. तमिळ लिपीत रोमन लिपीतल्या छोट्या बी आणि डी (b, d) सारख्या आरशातल्या जोड्या नाहीत. भाषाशास्त्रज्ञ एरिक पेडरसन यांनी तमिळ भाषकांसोबत केलेल्या कामात असं दिसलं की आरशातली चित्रं वेगळी ओळखण्यात फक्त तमिळ वाचणारे आणि निरक्षर यांच्यात फारसा फरक नव्हता, पण तमिळबरोबर रोमन लिपीही येणारे लोक ती जास्त सहज वेगळी करत. देवनागरीच्या मुळाक्षरांतही बी-डी सारखी जोडी नाही. त्यामुळे मराठी मुलाला ही शिस्त प्रामुख्याने ३-६ शिकवतात, आणि मग इंग्रजी अक्षरं. कार्डांवर ३ आणि ६ पहिल्यांदा एकत्र आणाल तेव्हा ते दिशेच्या खुणेसह आणा: कोणाचं तोंड कुठे.

फिरवण्याबद्दलही थोडं. कागदाचा चौकोन ४५ अंशांत फिरवला की तो पत्त्यातली चौकट दिसायला लागतो. बाजू त्याच, कोन तेच, तरी लोक त्याला वेगळा आकार म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. डोळा आकाराला वर-खाली ठरवून देतो आणि मग त्याचं वर्णन करतो. वर-खाली बदललं की वर्णन बदलतं, आणि साम्यही जातं. डाव्या-उजव्याला मात्र तो इतकं महत्त्व देत नाही.

‘साम्य म्हणजे दोन आकारांमधलं अंतर, कमी अंतर म्हणजे जास्त साम्य’ हे गृहीतक तुमच्या तक्त्यात आहे, आणि माझा खरा आक्षेप त्याला आहे. अंतराचे काही नियम असतात. पुण्याहून साताऱ्याला जितकं, तितकंच साताऱ्याहून पुण्याला. आणि पहिल्या गावापासून दुसरं जवळ, दुसऱ्यापासून तिसरं जवळ, तर पहिल्यापासून तिसरं फार लांब असू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वेर्स्की यांनी १९७७मध्ये दाखवून दिलं की माणसांनी ठरवलेलं साम्य हे नियम पाळत नाही. नातू आजोबांसारखा दिसतो असं आपण म्हणतो. आजोबा नातवासारखे दिसतात असं सहसा कोणी म्हणत नाही. कमी ठसठशीत गोष्टीची तुलना ठसठशीत गोष्टीशी होते. दुसरा नियम मोडताना बघायचा तर म, भ, ध घ्या. अंगाने भ हा म सारखा. डोक्याने, म्हणजे घुंडी आणि तुटकी शिरोरेषा बघितली तर, भ हा ध सारखा. पण म आणि ध यांच्यात काना सोडला तर दाखवण्यासारखं काही नाही. भ दोघांचा शेजारी आहे आणि ते दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. ट्वेर्स्कींचं म्हणणं असं की आपण अंतर मोजत नाही. सामाईक खुणा जमेला धरतो, एकाकडे असून दुसऱ्याकडे नसलेल्या खुणा वजा करतो, आणि कोणत्या खुणेला किती वजन हे प्रसंगानुसार बदलतो.

हे वजन बदलताना बघायचं असेल तर तीन कार्डं करा. एकावर बोरूच्या जाड वळणाचा क, दुसऱ्यावर बारीक एकसारख्या रेघेचा क, तिसऱ्यावर बोरूच्या जाड वळणाचा फ. कोणती दोन सारखी? ज्याच्या डोक्यात वाचन आहे तो दोन क उचलतो. ज्याच्या डोक्यात वळण आहे, म्हणजे माझ्यासारखा, तो जाड क आणि जाड फ उचलतो. आता यात बारीक रेघेची आणखी चार अक्षरं मिसळा. जाड-बारीक हा भेद एकदम ठळक होईल आणि वाचणाराही डगमगेल. कार्डं तीच, डोळे तेच, शेजार बदलला. म्हणून ‘ही दोन अक्षरं किती सारखी’ या प्रश्नाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या संचात हे सांगितल्याशिवाय, उत्तरच नाही.

आठवणीचा मुद्दा राहिला, आणि त्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार मोलाचं सांगून ठेवलंय. पार्ले प्रॉडक्ट्सने म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीविरुद्ध बिस्किटांच्या वेष्टनाबद्दल दावा लावला होता, निकाल १९७२चा. पार्लेच्या वेष्टनावर शेतावरच्या घराच्या पार्श्वभूमीवर पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गायी आणि कोंबड्या. दुसऱ्यावरही मुलगी, गायी, कोंबड्या, पण मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा. खालच्या न्यायालयांनी फरक मोजून वेष्टनं वेगळी ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्यांनी म्हटलं की दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचे नाहीत, ठळक आणि मुख्य गोष्टी बघायच्या. आज एक पुडा बघितलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरा दाखवला तर त्याची गल्लत होईल का, हे महत्त्वाचं. दुकानात कोणी दोन पुडे हातात घेऊन तुलना करत नाही, तसंच वाचणारं मूलही घ शेजारी ध ठेवून बघत नाही. एक अक्षर समोर असतं, दुसरं आठवणीत, आणि आठवणीत रचना टिकते, बारकावे झिजतात. गवताचा भारा आणि घुंडी, दोन्ही त्या झिजणाऱ्या बाजूला पडतात.

मग मोजायचं कसं? ‘दहापैकी किती सारखं’ असं विचारू नका. आकडा मिळेल, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी असेल. त्यापेक्षा तीन अक्षरं दाखवून ‘यातलं वेगळं कोणतं’ विचारा. लहान मुलंही याचं सरळ उत्तर देतात. दुसरी आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात योग्य रीत म्हणजे गल्लतीचा तक्ता. अक्षर लहान छापून किंवा क्षणभर दाखवून झाका, आणि मुलाने काय पाहिलं ते त्याच्याकडून बोलवून घ्या. आडव्या ओळीत दाखवलेलं अक्षर, उभ्या स्तंभात ऐकलेलं. तक्त्याचे दोन्ही अर्धे वेगळे ठेवा, त्यांची सरासरी काढून एक करू नका. ध चा घ होणं आणि घ चा ध होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माझ्या अनुभवात पहिली जास्त घडते, कारण असलेली फट नजरेतून निसटते. नसलेली फट दिसत नाही. शब्दातही तपासा, आणि वर्गातल्या उजेडात, वर्गातल्या कागदावर तपासा.

संगणकाला सोडून द्या असं मी म्हणत नाही, पण त्याला शाईऐवजी पोकळ्यांची संख्या, सांधे, टोकं आणि खाचांच्या जागा मोजायला लावा. चित्रं ओळखायला शिकवलेलं तयार संगणकीय मॉडेल वापरायचं असेल तर जपून. २०१९मध्ये संशोधक रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवून दाखवला. माणसं त्याला मांजर म्हणाली. छायाचित्रांवर शिकवलेली नेहमीची मॉडेलं पोताकडे झुकली आणि हत्ती म्हणाली. अक्षरांच्या कामात असा झुकाव असलेलं मॉडेल रेघेच्या जाडीवर आणि कडेच्या खरबरीतपणावर भुलण्याचा धोका राहतो.

कार्डांबद्दल मी हे करेन. घ आणि ध, तसेच भ आणि म, एकाच आठवड्यात नवे म्हणून आणणार नाही. आधी घ पक्का होऊ द्या, मग ध. ध आला की मात्र दोघांना मुद्दाम शेजारी ठेवा आणि बोट फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायला लावा, कारण फरक तिथेच आहे आणि नजर आपणहून तिथे जात नाही. ध आणि भ ची फट कान्याच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवू नका, घुंडी चांगली आत वळवा म्हणजे तिच्यामागे खरी खाच तयार होईल, आणि सुरुवातीच्या कार्डांवर जाड वळण टाळा. प-ष ची काळजी सोडा. ल आणि श ची रूपं पहिल्या वर्षी मराठीचीच ठेवा. दुसरी रूपं मुलांना फलकांवर आणि हिंदीच्या पुस्तकात भेटतीलच, आणि तोवर अक्षर पक्कं झालेलं असेल.